यंत्राची पूजा

दसऱ्याला दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात उदबत्तीचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. काही वर्षांपूर्वी मी इथल्याच एका लॅबमध्ये ध्रुवावरून आणलेल्या बर्फातली रसायनं तपासत होते. बाहेर रस्ते भाजून निघायचे आणि आत आम्ही जाड जॅकेट घालून, तोंडाला मास्क लावून त्या बर्फाच्या बाटल्या हाताळायचो, कारण हवेतला जरासा धूरही त्यात उतरतो. एका दसऱ्याला सकाळी आत गेले तर माझा कोल्हापूरकडचा सहकारी यंत्राला हळदकुंकू लावून उदबत्ती ओवाळत होता, आणि शेजारीच वितळायला ठेवलेल्या बाटल्या उघड्या होत्या. “विझवा ती,” मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, दसऱ्याला यंत्राची पूजा करायची असते. तुमच्या वसईच्या चर्चमध्ये नसेल हे.” मी म्हटलं, “आमचे फादर धूप घेऊन आले असते तरी मी त्यांना दारातूनच हाकललं असतं.” त्यावर माझ्याकडे बघत त्याने उदबत्ती आणखी एकदा ओवाळली. सगळ्या बाटल्या फुकट गेल्या. ऑफिसात मात्र त्याने एवढंच सांगितलं की मी पूजा बंद पाडली, आणि मराठी मंडळींनी माझ्याबरोबर डबा खाणं सोडलं. गेल्या दसऱ्याला तो आमच्या खालच्या किराणा दुकानात समोर आला, गावाहून आणलेलं आपट्याचं पान पुढे करून म्हणाला, “सोनं घ्या, मॅडम. झालं गेलं खलास.” मी दोन्ही हात खिशातच ठेवले.