शेजारणीचे शेंगदाणे

मला राग आला की तो लवकर उतरत नाही. त्या उंदराचा राग तर मी वर्षभर जपून ठेवला होता. आदल्या हिवाळ्यात आम्ही दोन महिने लेकीकडे नागपूरला होतो आणि गाडी नवा रायपुरातल्या क्वार्टरच्या पोर्चमध्ये उभी होती. परत येऊन किल्ली फिरवली तर ढिम्म. बॉनेटखाली उंदराने संसार थाटलेला, वायरी कुरतडलेल्या, आणि माझ्या सीटमधला फोम त्याच्या पिल्लांच्या अंगाखाली. माझी गाडी होती ती. पन्नाशीत शिकून मीच चालवायला लागले होते. हे आयुष्यभर स्कूटरवालेच.

पुढच्या हिवाळ्यात नागपूरला यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. परतल्यावर जुन्या रायपुरात, समता कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये रोज व्यायाम. सुरुवातीच्या आठवड्यांत गुडघा वाकला नाही तर पाय जन्मभर ताठ राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा नवा रायपुरात रुंद रस्ते होते, माणसं नव्हती. बसचा भरवसा नाही, ऑटोवाले इतक्या लांब यायला नाक मुरडायचे. गाडी सुरू व्हायलाच हवी होती.

उंदीर कुणामुळे येतात हे मी ठरवूनच टाकलं होतं. शेजारची छत्तीसगढी बाई आमच्यामधल्या भिंतीवर खारींसाठी शेंगदाणे टाकायची. मी तिला सुनावलं, "दीदी, आपके दानों से चूहे आते हैं."

"हव दीदी, कम डालूँगी," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठभर टाकले. मी तिच्याशी बोलणंच सोडलं.

"काहून तिच्यामागं लागून राहिली तू?" हे म्हणाले. "खारीच तं खाते ते दाणे."

"तुम्ही तुमच्या गुडघ्याकडे पाहा," मी म्हटलं.

निघायच्या आधी मी गाडीतून बिस्किटाचा चुरासुद्धा वेचून काढला. डिकी रिकामी केली, फटींना जाळी ठोकली, सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबली, डांबरगोळ्या आणि तंबाखूची पानं पेरली. चाकांशी विषाच्या वड्याही ठेवल्या. नुसता पळून जायला नको होता मला तो, मरायला हवा होता.

त्याच दिवशी कामाच्या बाईने अभनपूरकडच्या तिच्या गावाहून नव्या धानाची झालर आणली. कापणी झाली की इकडे लोंब्या विणून पाखरांसाठी दारात टांगतात. मला ती पद्धत फार आवडायची, दरवर्षी मी आवर्जून मागायची. स्टुलावर चढून, स्वेटरच्या उरलेल्या लाल लोकरीने मी ती पोर्चमधल्या हुकाला घट्ट बांधली. हूक बरोबर गाडीच्या वर होता.

फेब्रुवारीत परतलो. हे वॉकर घेऊन पायरीवर उभे, पहिल्या व्यायामाची वेळ अकराची. सायलेन्सरमधली घासणी उपसून काढली. किल्ली फिरवली. ढिम्म. संतापाने मला रडू आलं. मेकॅनिक आला, आवाज ऐकून शेजारीणही भिंतीशी येऊन उभी राहिली. मी मनात वाक्यं जुळवत होते. शेंगदाण्याचं एक टरफल निघू दे, मग दाखवते हिला.

मेकॅनिकने एअर फिल्टरची डबी उघडली. आत धानाचं तूस, काड्या, आणि त्यांत गुंडाळलेली लाल लोकर. टरफल एकही नाही. मी वर पाहिलं. हुकाला नुसतं पेंढ्याचं बूड लटकत होतं. मी लोकर उचलून मुठीत दाबली.

वायरी पुन्हा कुरतडलेल्या, गाडीला आठवडा लागणार होता. शेजारीण आत गेली आणि तिच्या गाडीची किल्ली घेऊन आली. "चलिए भैया, मैं छोड़ देती हूँ," ती यांना म्हणाली. मागच्या सीटवर उशी ठेवून तिनेच यांचा पाय लांब केला.

वाटेत तिने मला विचारलं, "क्या खाने आता था दीदी, चूहा?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण वर्षभराचा राग आत बसलेला होता आणि त्याला माघार घेणं माहीत नव्हतं. "मूँगफली," मी म्हटलं.

मागे हे खाकरले. मुठीतून बाहेर आलेलं लोकरीचं टोक यांना दिसलं होतं.

आठवडाभर ती आम्हाला रोज क्लिनिकमध्ये नेत-आणत होती. यांचा गुडघा वाकायला लागला. भिंतीवर मात्र तिने पुन्हा एकही दाणा टाकला नाही. सकाळी खारी यायच्या, भिंतीवरून इकडून तिकडे धावायच्या आणि थांबून माझ्या खिडकीकडे पाहत राहायच्या.