मेल्यानंतरचं हसू

चौथा टेक चालू होता आणि मी शीटवर लिहिलं: छाती स्थिर, उत्तम.

ते वाक्य मी फारसं कुणाला दाखवत नाही. पण तुम्ही दोघं मुलं कॅनडात राहता, ग्रेगला टीव्हीवर मरताना तुम्ही नक्की पाहिलं असेल, म्हणून सांगते.

माझं काम कंटिन्यूइटीचं. सिनेमा तुकड्यातुकड्यांत, उलटसुलट शूट होतो. आज नटाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असेल तर चार दिवसांनीही ते उघडंच हवं. ते बघून लिहून ठेवणारी बाई म्हणजे मी. इथे आखातात, अल नहदाच्या आपल्या फ्लॅटमधून रोज निघून मी तीस वर्षं हेच करत आलेय. जे घडलं तेच लिहायचं, घडलं त्या वेळेला, पेन्सिलीने. आधी कधीच नाही.

ग्रेग मूळचा विनिपेगचा. तरुणपणी हीरो व्हायला निघाला, ते जमलं नाही. चाळिशीत एका पोलिसी मालिकेत त्याला प्रेताचं काम मिळालं आणि तो इतका छान मेला, की पुढे सगळे त्याला त्यासाठीच बोलवू लागले. "अर्धा श्वास सोडायचा आणि थांबायचं," तो मला सांगायचा. दोन शॉट्सच्या मधेही तो उठत नसे. "मी उठलो तर तुलाच माझे हातपाय पुन्हा जुळवायला लागतील."

त्या दुपारी तो जहाजाचा कप्तान होता, खोर फक्कानजवळच्या किनाऱ्यावर वाहून आलेला. डायरेक्टर नबील, लेबनॉनचा, खूश होऊन ओरडला, "कट! ब्यूटिफुल! यल्ला, कॅमेरा पलीकडे घ्या!"

सगळे कॅमेऱ्यामागे धावले. ग्रेग वाळूत तसाच पडून.

प्रॉप्स सांभाळणारे सावंत, मालवणकडचे, माझ्या खुर्चीशी आले. "मॅडम, तेंका एकदा हसूक सांगा. मेल्याचो सीन झालो की हसूक व्हया."

ही आपल्याकडच्या शूटिंगमधली रीत. मेलेल्या नटाने उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं. ते सिनेमात घेत नाहीत, पण शूट करतात आणि शीटवर नोंदवतात; म्हणजे मरण खरं धरलं जात नाही. ग्रेगला पहिल्याच दिवशी ती फार आवडली होती. "इतक्या वर्षांत मेल्यावर मला हस म्हणणारे तुम्हीच पहिले," असं तो सावंतांना म्हणाला होता.

"हबीबी, लाइट जातोय! नंतर!" नबील म्हणाला.

"सावंत, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही," मी म्हटलं.

"माझो तरी खंय आसा? पण तुमच्या शीटवर तेची ओळ रिकामी रवतली."

मी बघितलं. 'स्माइल' समोर कोरी जागा होती. कोरी जागा मला सहन होत नाही. मी उठले.

"मिस्टर ग्रेग, स्माइल प्लीज."

काही नाही. एक माशी त्याच्या ओठांवरून चालत नाकपुडीपर्यंत गेली. ग्रेगला माशीचा भयंकर तिटकारा. दोन दिवसांत माशीपायी त्याचे तीन टेक फुकट गेले होते. मी गुडघ्यांवर बसले. ती नाकपुडीत शिरली. तो हलला नाही.

"मारीसेल!" मी किंचाळले.

मारीसेल आमची फिलिपिनो नर्स. ती धावतच आली, छाती दाबू लागली, विजेच्या झटक्याचं मशीन लावलं. पहिल्या झटक्याने काही झालं नाही. दुसऱ्या झटक्यानंतर त्याने घरघर करत श्वास घेतला. अँब्युलन्स त्याला फुजैराच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. नबील वाळूतच बसून पुटपुटत राहिला, "आणि मी ब्यूटिफुल म्हणालो."

संध्याकाळी घरी शीट टाइप करायला बसले. कोरी जागा कोरी नव्हती. तिथे लिहिलं होतं: स्माइल, ओके, ४:१२. अक्षर माझंच, पेन्सिल माझी.

नबीलला फोन केला. "कसला स्माइल? कॅमेरा तेव्हा स्टँडवरसुद्धा नव्हता."

मग मारीसेलला. तिने रिपोर्ट वाचून दाखवला. दुसरा झटका, चार बारा.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. अजून काही विचारलंही नव्हतं, तोच ग्रेग म्हणाला, "मी उठून बसलो होतो. बाकी सगळे खाली वाकून काहीतरी करत होते. तू एकटीनेच वर पाहिलंस. मी हसलो, तू लिहून घेतलंस आणि मान हलवलीस."

नोंद झाली की मी मान हलवते, हे खरं आहे. त्या दिवशी मी वर पाहिल्याचं मला आठवत नाही.

ती ओळ खोडायला खोडरबर हातात घेतला होता. पण तसं घडलं नाही, हे मला कशानेच सिद्ध करता येईना. ओळ तशीच ठेवली.

ग्रेग बरा झाला, अजून कामं करतो. परवा फोनवर तुमची रेवा म्हणाली, "आजी, ग्रेग डाइड अगेन!" मी तिला शेवटपर्यंत टीव्ही बंद करू दिला नाही, पडद्यावर त्याचं नाव येईपर्यंत.

आणि कामात एक नियम केला. मेलेला नट उठून बसेपर्यंत शीटवर 'उत्तम' लिहायचं नाही.