हेळव्यानं सोडलेलं पान

कडेगावजवळच्या आमच्या गावातलं दगडी देऊळ देवगिरीच्या यादवांच्या काळातलं, एवढ्यावर कुणाचं भांडण नव्हतं. ते यादव कोणत्या जातीचे, यावरून मात्र गाव पेटलं. जीर्णोद्धाराच्या फलकावर ते राजे मराठा होते आणि आम्ही त्यांचे वंशज आहोत, असं कोरायचं माझ्या वडिलांच्या मनात होतं. वडील निवृत्त सुभेदार. त्यांच्याच पलटणीतले शेजारचे धनगर काका ऐकेनात. "गवळी राजं हुतं ते. आमच्यातलं."

मी शाळेत इतिहास शिकवतो. अभ्यासकांतच एकमत नाही, असं मी सांगून पाहिलं. दोघांनी मिळून मला गप्प बसवलं आणि नंतर एकमेकांशी बोलणं टाकलं. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि तीन महिने अबोला! शेवटी भर बैठकीत वडील गरजले, "हेळव्याला बोलवा. त्याच्या वहीत यदुवंश निघाला न्हाई, तर ह्या देवळाची पायरी चढनार न्हाई."

रोज देवाला हात जोडल्याशिवाय चहा न घेणारा माणूस हे बोलला. बोललेलं तो मोडत नाही, म्हणून मला धडकी भरली.

घराघरांच्या वंशावळी वहीत ठेवणारा हेळवी सीमेपलीकडून येतो. वही कन्नडमध्ये, गावात कुणालाच वाचता येत नाही. काकांचं घरही त्याच्याच वहीत, म्हणून आदल्या रात्री तो त्यांच्याकडे उतरला. सकाळी मी त्याला मोटरसायकलवरून देवळाकडे आणत होतो. वाटेत कालव्यापाशी त्यानं गाडी थांबवायला लावली.

"मालक, वहीत राजा न्हाई. मेंढरं हायत. तुमचा नववा पुरुष मेंढरं राखत आला."

शाळेत मी पोरांना पुरावा, पुरावा म्हणून भंडावून सोडतो. तिथं मी म्हणालो, "ते पान सोडा. यदुवंश म्हणा."

"वहीवर हात ठिवून?"

"वहीत काही लिहू नका. नुसतं तोंडानं म्हणा."

त्यानं वही काखेत मारली. मग गाडीवर बसला.

देवळात सगळं गाव जमलं होतं. हेळवी एकेक पुरुष वाचत गेला. आठवा झाला. त्यानं पान उलटलं, एकदम दोन. माझी नजर काकांकडे गेली. ते ताठ झाले होते, हात उचलून काहीतरी बोलणार होते. "मूळ यदुवंश," हेळवी पुटपुटला.

काकांनी वडिलांकडे पाहिलं. वडील डोळे मिटून, हात जोडून बसले होते. काकांनी उचललेला हात हळूच खाली घेतला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "सुभेदार जितला."

वडिलांनी उठून त्यांना मिठी मारली. "बघ गड्या, म्हनलं न्हवतं?"

बाहेर चपला घालताना काका माझ्याजवळ आले. "सोडल्यालं पान मी राती ऐकलंय. तुमचा आन आमचा म्हातारा एकाच कळपामागनं आल्यात. सुभेदाराला सांगू नगंस." मला लाज वाटली.

फलक लागला. आता वडिलांना मोतीबिंदूमुळे अक्षरं दिसत नाहीत. यात्रेला दोघं जोडीनं देवळात जातात, मी मागे असतो. फलकापाशी वडील थांबतात.

"वाच रं, मोठ्यानं."

आणि काका दरवर्षी, एकही शब्द न गाळता, वाचून दाखवतात.