आमच्या गावचा चौकडा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. धीर आला म्हणून सांगते आहे असंही नाही — लपवायचा कंटाळा आलाय, एवढंच.

तुम्ही वसईकडचे असाल तर ते लुगडं पाहिलं असेल. हिरवा-निळा चौकडा, मधून बारीक पिवळी रेघ. ‘आमच्या गावचा चौकडा’ म्हणतात. आता तिथे लग्नातही नेसतात.

मी दुबईला, देरात, युनिफॉर्मच्या कंपनीत आहे. बॉस स्कॉटलंडचा. तिकडे प्रत्येक घराण्याचा चौकडा पूर्वापार ठरलेला असतो, असं मी समजत होते. त्यानेच एकदा हसत सांगितलं, की ते काही फार जुनं नाही. पूर्वी लोक आपल्या भागातला विणकर विणेल ते घालायचे. त्याच्या आडनावाचं कापड गिरणीत आधी नुसता एक नंबर होतं. नाव मागाहून चिकटवलं. मग लग्नात मिरवता कशाला, मी विचारलं. आता आमचंच झालं ना, म्हणाला. मला पटलं. मी व्यवहारी बाई.

त्याच सुमारास शारजातल्या आमच्या गावमंडळाला सणाच्या नाचासाठी एकसारखी लुगडी हवी होती. ऑफिसात एका शाळेच्या रद्द ऑर्डरचं स्कर्टचं कापड पडून होतं. नुसतं ‘स्वस्तात मिळतंय’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग का बोलले मी — माझ्या आजीच्या पेटीत अस्संच लुगडं होतं म्हणून? बायका हळव्या झाल्या. दोघी-तिघींना आपापली आजीही त्यातच आठवली.

फक्त फिलूमावशी — अल नहदात आमच्या शेजारी राहणाऱ्या ऑल्विनची आई, व्हिजिटवर आलेली — हळूच म्हणाली, “बाय, हे आपलं नाय. आपलं लाल असायचं.”

तिथेच थांबता आलं असतं. “मावशी, तुम्हाला आता आठवत नाही,” मी म्हटलं. तिच्या पाठीवर हात ठेवून, प्रेमाने. सगळे हसले.

त्या दिवसापासून ऑल्विन आईवर लक्ष ठेवू लागला. तिला गॅसला हात लावू देईना, खाली दुकानात एकटीला सोडीना. तिने काही जुनं सांगायला घेतलं, की सून म्हणायची, मम्मी, लुगड्यासारखंच ना? नातवंडं इंग्रजीतून चिडवायची. हळूहळू ती बोलेनाशी झाली.

तिची आठवण धड होती, हे त्या बिल्डिंगमध्ये फक्त मला माहीत होतं. शेजारच्या दारात जाऊन एक वाक्य बोलायचं — किती अवघड? मी जायचे. तिला आवडते म्हणून पेज द्यायचे आणि परत यायचे.

बॉसचं उदाहरण मी स्वतःला पुष्कळ दिवस दिलं. पण त्याच्या कापडाला नाही म्हणणारं कुणी जिवंत नव्हतं. माझ्या कापडाला होतं.

व्हिजिट संपवून ती गावी परतली; तोवर आमच्या नाचाचे फोटो बघून तिकडेही हेच लुगडं सुरू झालं होतं. गेल्या सुट्टीत वसईला तिला भेटले. तेच लुगडं नेसून बसली होती. पदर माझ्या हातात देत म्हणाली, “माझी आय हेच नेसायची. मधे मी विसरलेली, बघ.”

मी पदर सारखा केला. तिच्या खांद्यावर टाकला.

“हो मावशी,” म्हटलं.