जबड्याची उजवी बाजू

घराबाहेर पडताना वहिनी गॅस तीनदा बघते. एकदा स्वतः, एकदा चपला घातल्यावर पुन्हा आत येऊन, आणि तिसऱ्यांदा मला विचारून. मी शिलाई मशीनवरूनच ‘बंद आहे’ म्हणते. तेवढ्यानं तिचं समाधान होत नाही, पण बस चुकेल म्हणून जाते. माझा भाऊ तिला ‘घोरवाली’ म्हणतो. तो झोपेत घोरतो आणि ही जागेपणी घोर लावून घेते, असा त्याचा हिशोब.

मुलगी झाली, मग आमच्या आईचं आजारपण आलं, असं करत वहिनीची आठ वर्षं घरात गेली. त्यानंतर तिला एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. दातांच्या डॉक्टरांना जबड्याचे एक्स-रे पडद्यावर बघता यावेत म्हणून ही कंपनी प्रोग्राम बनवते. कुणा डॉक्टरकडे विंडोज, कुणाकडे मॅक, तर कुणाकडे लिनक्स. त्यामुळे एकच प्रोग्राम तिन्हींसाठी वेगवेगळा बांधावा लागतो.

तिनं मला हे माझ्याच धंद्याच्या भाषेत समजावलं. बटणं काही आपण घरी घडवत नाही, आयती आणून लावतो. तसं चित्र उघडण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्याला लायब्ररी म्हणतात, ती नुसती जोडायची. पण तिन्ही कॉम्प्युटरवर ती वेगवेगळ्या जागी असते, म्हणून कुठून उचलायची ते एका फायलीत लिहून द्यावं लागतं. ही फाइल वहिनीकडे आली. विंडोज आणि मॅकचे पत्ते तिनं नीट लिहिले. लिनक्सचा मात्र काही केल्या जमेना. नोकरीचा चौथाच आठवडा होता. तिच्या वरच्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणायचे, कारण ते इतरांच्या कामातल्या चुका लाल अक्षरांत काढून दाखवत. त्यांना दिवसात तिसऱ्यांदा विचारायला तिची जीभ रेटेना. म्हणून तिनं त्या जागी ‘सापडेल तिथून घे’ अशा अर्थाची ओळ टाकली. लायब्ररी सापडली, काम पुढे सरकलं.

चार महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी, ती नमुन्याचा एक एक्स-रे तिन्हींवर उघडून बघत होती. या नमुन्यात जबड्याच्या उजव्या बाजूला इंग्रजी आर हे अक्षर चिकटवलेलं होतं. दोन पडद्यांवर ते सरळ दिसलं, लिनक्सवर आरशातल्यासारखं उलटं. तिनं चष्मा पुसला. मग प्रोग्रामच्या बांधणीची नोंद उघडली. लायब्ररी कुठून घेतली ते तिथे लिहिलेलं होतं: कुणीतरी सहा वर्षांपूर्वी ठेवून विसरलेल्या एका फोल्डरमधून. ‘हे चित्र डावं-उजवं उलटवून दाखवा’ अशी खूण एक्स-रेच्या मशीननं चित्रात घातलेली असते. त्या जुन्या लायब्ररीला ती खूण वाचताच येत नव्हती. डावं उजवीकडे गेलं होतं, उजवं डावीकडे. दवाखान्यांतल्या एक्स-रेवर असं अक्षर नसतं, मग चूक कुणाला कळणार? आणि ती ओळ टाकल्यानंतरची ही पहिलीच बांधणी दवाखान्यांत जाऊन नऊ दिवस झाले होते.

‘पहिला विचार काय आला सांगू?’ ती मला नंतर म्हणाली. ‘ओळ बदलावी, सोमवारी नवी बांधणी पाठवावी, गप्प बसावं. कुणाला कळलंही नसतं.’

पण ती उठून मास्तरांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, ‘माझी चूक झालीय. लोकांचे चुकीचे दात काढले जातील.’

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, आणि त्यानं ती जास्तच घाबरली. लिनक्सवाले दवाखाने किती, एवढंच त्यांनी विचारलं. अकरा. त्यांनी यादीचे दोन तुकडे केले. ‘मेल नको, मेल कोण वाचतं? फोन लावा.’

दहा दवाखान्यांशी बोलणं झालं. अकराव्यात कुणी फोन उचलेना. दवाखाना दोन बसस्टॉप पलीकडे होता. बसची वाट बघवेना म्हणून वहिनी चालत निघाली आणि अर्ध्या वाटेत पळायला लागली.

आत खुर्चीवर एक म्हातारी बाई तोंड उघडून बसली होती. डॉक्टरांच्या हातात चिमटा होता. परकी बाई धापा टाकत दारात उभी राहिलेली बघून ते वैतागले. काय सांगायचं ते वहिनीनं एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग बाईच्या तोंडाकडे.

म्हातारीनं बधिर झालेल्या गालावर हात ठेवला. ‘मी मघापासून उजवी, उजवी म्हणतेय,’ ती बोबडं बोलली. ‘पण हे म्हणतात, फोटोत डावी आहे.’

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. वहिनीला ते बरंच काही बोलले, आणि तिनं ते उभ्यानं ऐकून घेतलं.

खरा जीव टांगणीला लागला तो त्यानंतर. नऊ दिवसांचे कागद तपासून कळवतो, असं सगळ्या दवाखान्यांनी सांगितलं होतं. दोन दिवस ती धड जेवली नाही. फोन वाजला की ती आधी माझ्याकडे बघायची, जणू तो मीच वाजवतेय. दहा ठिकाणांहून सगळं ठीक असल्याचं कळलं. एका ठिकाणी मात्र एका शिक्षकाचा चांगला दात कोरून भरला होता. वहिनी मास्तरांबरोबर त्याला भेटायला गेली. दात तर गेला नाही ना, एवढंच तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. ते दार तिच्या मनातून अजून जात नाही.

नोकरी गेली नाही. मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की ती ओळ त्यांनीही वाचली होती आणि सोडून दिली होती. आता फायलीत तिन्ही पत्ते पूर्ण लिहिलेले आहेत. लायब्ररी ठरलेल्या जागी नसेल किंवा जुनी असेल, तर बांधणी तिथेच थांबते. गेल्या महिन्यात अशीच ती थांबली आणि सगळं ऑफिस अर्धा दिवस खोळंबलं. लोक कुरकुरले. वहिनी त्या दिवशी घरी आली, पोटभर जेवली आणि आठ वाजताच झोपली.