पासिंगचे दिवे

पासिंगवाल्या अण्णांच्या स्कूटरला कायम एक गोणी लटकलेली असे. गोणीत टेम्पोच्या इंडिकेटरचे दिवे, पट्ट्या आणि वायरी असत. ज्याच्या टेम्पोचे दिवे नियमात बसत नसत, त्याला अण्णा आरटीओच्या तपासणीपुरते, म्हणजे पासिंगपुरते, आपले दिवे लावून देत आणि संध्याकाळी काढून नेत. दुसऱ्या दिवशी तेच दिवे दुसऱ्या टेम्पोवर चढत. या कामाला ते समाजसेवा म्हणत. मला तेव्हाही किळस यायची.

नियमांविषयी त्यांना काडीचाही आदर नव्हता. "नियम सायबासाठी असत्यात. सायब घरी गेला, नियम बी घरी गेला," असं म्हणून ते स्वतःच हसत. ऐकणारे टेम्पोवालेही हसत, कारण अण्णांशिवाय त्यांचं अडत होतं.

माझे पप्पा लातूरकडून आलेले. चाकणच्या कंपन्यांना टेम्पोने क्रेट पोचवतात. जास्त क्रेट बसावेत म्हणून त्यांनी रुंद बॉडी बांधून घेतली आणि मागचे इंडिकेटर तिच्या आड गेले. सरळ मागून दिसायचे, कडेने येणाऱ्याला नाही. मी कॉलेजात हेच शिकत होते: वळणाचा दिवा बाजूनेही दिसला पाहिजे. पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अण्णा बघतील."

अण्णांनी बॉडीच्या बाहेर येईल अशी पट्टी लावून तिच्यावर आपले दिवे बसवले. दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसत होते. पासिंग झालं. मी चाचरत म्हणाले, "अण्णा, हे राहू द्या ना."

"इंजिनिअरबाई, हे पासिंगचे हायेत, रस्त्याचे न्हाईत. सांजच्याला काढून नेतो."

पण अण्णा आलेच नाहीत. दुपारी नाशिक फाट्याजवळ ते स्कूटरवरून एका टेम्पोच्या डावीकडून पुढे घुसत असताना तो टेम्पो डावीकडे वळला आणि त्यांचा पाय मोडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो, तर तो टेम्पोवाला शहाळं घेऊन उभा होता आणि अण्णा त्याच्यावर खेकसत होते. "इंडिकेटर द्यायचा ना, गाढवा!"

"दिला हुता, अण्णा. बॉडीच्या आड ऱ्हातो त्यो. पासिंगनंतर तुमीच तुमचे दिवे काढून नेले न्हाई का?"

आता तरी हा माणूस ओशाळेल, असं मला वाटलं. अण्णांनी मान पप्पांकडे वळवली. "भाऊ, तुझ्या गाडीवरचे दिवे आणून दे. उद्या एकाचं पासिंग हाय."

मला त्यांच्याकडे बघवेना. तरी एक गोष्ट लिहायलाच हवी. बारावीनंतर मला कामाला लावायचं घरात ठरत होतं, तेव्हा पप्पांना रागावणारे हेच अण्णा. "पोरीला शिकीव. टेम्पोचं काय, मी बघतो." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

पप्पा आयुष्यभर अण्णांसमोर खाली मान घालून उभे राहिले होते. त्या दिवशीही मान खालीच होती.

"दुसरे आणून देतो अण्णा. हे आता नाही निघायचे."

"पोरीनं शिकवलं व्हय रं तुला?" अण्णा तुच्छतेने म्हणाले.

"हो," पप्पा म्हणाले. "तुम्हीच म्हणला होता ना, शिकव म्हणून."