गोल टेबलाभोवती केळीची पानं

चेन्नईजवळच्या सिरुसेरीतलं माझं नोकरीचं कंत्राट दिवाळीला संपत होतं. तोवर बँकेची परीक्षा पास झालो तर ठीक, नाहीतर गावी मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं वडलांनी फोनवर जाहीरच करून टाकलं होतं. आणि मी अडायचो कुठे? गोल टेबलाच्या कोड्यापाशी. आठ माणसं गोल बसलीत, काही आत तोंड करून, काही बाहेर. वकील डॉक्टरच्या डावीकडे तिसरा. पण डावीकडे म्हणजे कुणाच्या? माझ्या का डॉक्टरच्या? माझ्या बाजूची माणसं ऐकायची, पलीकडच्यांचं सगळं उलटंपालटं व्हायचं.

मग मी शक्कल काढली. शाळेत हेडमास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो, तेच इथे सुरू केलं. वकिलाला खर्ज, डॉक्टर नाकातून, शिक्षिका चिरकी. एका रविवारी शोळिंगनल्लूरच्या माझ्या खोलीत सगळे जोरजोरात भांडत होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात घरमालकीण. तंजावरकडची मराठी बाई, अख्खी गल्ली मामी म्हणते. पूजेसाठी आणलेला केळीच्या पानांचा गठ्ठा काखेत.

"काय करूलागलास रे? अस्के लोक कुठं गेले? कॉफी किती जणांला ठेवू?"

"कुणी नाही मामी. मीच."

"तो नाकात बोलणारा?"

"डॉक्टर. तोही मीच."

"बँक तुला नाही घ्यायची कण्णा. नाटकवाले घेतील."

मी कोडं समजावून सांगितलं. माझ्या कागदावरचं वर्तुळ बघून मामींनी तोंड वाकडं केलं. "ह्यात माणसं कुठं आहेत?" म्हणत खाली बसल्या आणि फरशीवर पानं गोल मांडायला लागल्या. इथे पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. पहिल्याच जेवणाला मी पान उलटं ठेवलं होतं, तेव्हा पंक्तीत सगळे हसले होते.

"आता बघ. डावीकडं कुठं, ते पानच सांगतंय की."

मी उभा राहिलो आणि वरून बघितलं. सगळी टोकं एका दिशेने, एकामागून एक, गोल फिरत गेलेली. माझा डावा हात ह्यात कुठेच नव्हता.

"पण मामी, काहीजण बाहेर तोंड करून बसलेत."

"जेवायला बसून भिंतीकडं तोंड? भांडण झालं असंल." आणि त्यांनी तेवढी पानं गर्रकन फिरवली. टोकं उलटी झाली. डॉक्टरच्या पानाच्या टोकाच्या दिशेने तिसरं पान मोजलं, वकील बसला. वकिलामुळे शिक्षिका. मग कारकून. शेवटी एकच पान रिकामं, एकच माणूस उभा. चार-पाच तुटक वाक्यं, कुणाची कुणाशी ओळख नाही, आणि तरी त्यांना बसायला जगात एकच तऱ्हा होती! मी पुन्हा एकदा सगळी पानं मोजून पाहिली. मामी मात्र पानं गोळा करत होत्या. "कॉफी एकच ठेवते मग."

परीक्षेचं केंद्र गिंडीला होतं. पडद्यावर तेच आलं, गोल टेबल, उलटसुलट तोंडं. मी मनातल्या मनात पानं मांडली, काही फिरवली, आणि एकेक जण गुमान येऊन बसला. घड्याळ पळत होतं, पण मी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघतच राहिलो. एवढी शिस्त माझ्या डोक्यात कधी मावेल, असं मला वाटलंच नव्हतं.

परीक्षा पास झालो. वडलांना फोन केला, तर त्यांनी निकाल दोनदा वाचून दाखवायला लावला. मग म्हणाले, "मामाला मी सांगतो."